खिंडाईची परात

खडकमाळ आणि ओझरवाडी यांच्या मधल्या खिंडीत एक काळा कातळ आहे. दहा-बारा माणसं भोवती सहज बसतील एवढा उथळ खळगा त्याच्या मधोमध आहे, आणि तो हात फिरवून घासल्यासारखा गुळगुळीत आहे. चैत्री पुनवेला दोन्ही गावं इथे जमतात. वरच्या खडकमाळची माणसं आदल्या दिवशीच्या ज्वारीच्या भाकरी आणतात, खालच्या ओझरवाडीची काकड्या, मुळे, कांद्याची पात आणि लिंबं. सगळं या खळग्यात कुस्करून कालवतात. बाहेरचा एखादा पाहुणा कागदी ताटली पुढे करतो, तेव्हा खडकमाळचे म्हातारे गेनूआबा गुरव त्याचा हात हळूच खाली करतात. "ताट न्हाई चालत हितं. बसा, सांगतो," म्हणतात.

फार पूर्वी या दोन गावांमध्ये विस्तव जात नव्हता, असे सांगतात. ओढा खडकमाळावर उगम पावायचा आणि ओझरवाडीचे मळे भिजवायचा. एका उन्हाळ्यात वरच्यांनी त्याला बांध घातला, खालच्यांनी तो फोडला, त्यात डोकीही फुटली. शेवटी या खिंडीतल्या देवीपुढे, खिंडाईपुढे, भंडारा उचलून शपथा झाल्या. वरचे म्हणाले, तुमच्या गावचं पाणी पिणार नाही. खालचे म्हणाले, तुमच्या ताटात जेवणार नाही. जो मोडेल, त्याच्या पापाने ओढा आटेल.

खालच्यांतर्फे भंडारा उचलला तो बहिरू माळ्याने. त्याची एकुलती लेक साळू खडकमाळावर दिलेली होती. रागाच्या भरात ते त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं तेव्हा भंडारा कपाळी लागला होता.

साळूचं माहेर तुटलं. जिथलं पाणी प्यायचं नाही, तिथे लेकीने जायचं तरी कसं? वर्षातून एकदा, चैत्री पुनवेला, दोन्ही गावं देवीला यायची. कातळाच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरं. साळू लांबूनच बापाला डोळे भरून बघायची. एका वर्षी बहिरू कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेत चढून आला. गाल आत गेलेले, तोंडात एकही दात नाही. पुढच्या पुनवेला हा दिसेल का, असं साळूच्या मनात आलं. आईविना वाढलेल्या या पोरीला त्याने घास घास भरवून मोठं केलं होतं. शपथेपासून तिच्या हातचा एक घास मात्र त्याच्या तोंडी गेला नव्हता.

ती उठली, कातळावर जाऊन बसली आणि शिदोरीतली भाकरी काढून दगडावर ठेवली. सासूने मागून पदर ओढला. "साळे, वढा आटंल गं!"

"ताटात न्हाई वाढत, आत्याबाई. दगडावर वाढतीया."

बहिरू समोर येऊन बसला. भाकरीला हात लावून कसनुसा हसला. "पोरी, दात कुठं हायत मला? ही तर खापरावानी झालीया."

भिजवायला पाणी नव्हतं. वरच्यांच्या घागरी रित्या झाल्या होत्या, आणि खाली वाहत होतं ते ओझरवाडीचं पाणी. त्याला साळूने शिवायचं नव्हतं. मग तिची नजर बापासोबत आलेल्या काकड्या, पात, लिंबांच्या पाटीवर गेली. "आबा, काकडी चोचवा."

बहिरूने विळ्याने टोचे मारत काकड्या बारीक चोचवल्या. साळूने भाकरी कुस्करली, पात मोडून टाकली, लिंबू पिळलं, मीठ चोळलं. मिठाने काकडीला पाणी सुटलं. पण तेव्हा कातळात खळगा नव्हता. पाणी उताराने वाहून जाऊ लागलं. साळूने दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि कळवळून म्हणाली, "खिंडाई, एवढं तरी वाहू देऊ नगं."

आणि म्हणे, तिच्या तळव्यांखाली कातळ परातीसारखा अलगद खचला. एक कण इकडचा तिकडे झाला नाही. पाणी तिथेच थांबलं.

मग ती दोघं भाकरी भिजायची वाट बघत बसली. दोन्ही गावं बघत होती. भाकरी हळूहळू मऊ झाली. साळूने पहिला घास बापाच्या तोंडात घातला. म्हाताऱ्याने हिरड्यांनी तो कितीतरी वेळ घोळवला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला.

सगळ्यांच्या माना ओढ्याकडे वळल्या. ओढा खळखळ वाहत होता. साळूची सासू पुढे आली, कनवटीची मिठाची पुरचुंडी सोडली आणि चिमूटभर मीठ खळग्यात टाकलं. "घाल आता पोटभर, व्याहीबुवांना," ती म्हणाली. वरचा एक म्हातारा घास घेताना बिचकला, तसा दुसरा म्हणाला, "खा रं. पानी आपन कुठं प्यालो? भाकरीनं प्यालं!" दोन्हीकडे हशा पिकला, आणि मग कुणाचा हात कुणाच्या हाताला लागतोय, हे कुणी पाहिलं नाही.

आजही पुनवेला कालवण झाल्यावर सगळे थांबतात. भाकरी मऊ झाल्याखेरीज कुणी हात घालत नाही. पहिला घास दात नसलेल्या माणसाचा, आणि तो लेकीनेच भरवायचा. ज्याला लेक नाही, त्याला पलीकडच्या गावची कुणाचीही लेक भरवते. गेनूआबांना ना दात, ना मूलबाळ. गोष्ट संपते तेव्हा ओझरवाडीची एखादी पोर घास घेऊन समोर उभीच असते. आबा तोंड उघडतात, डोळे मिटून घास घोळवतात, आणि दरवर्षी न चुकता म्हणतात, "मीठ कमी हाय."