गोटीचे तीस किलो

एका गावाला एका दगडाचा भारी अभिमान होता. दगड काळा, गोल गरगरीत. त्याला सगळे गोटी म्हणत. दर जत्रेला गावातले गडी ती खांद्यापर्यंत उचलून दाखवत, आणि गोटी नव्वद किलोची आहे असं वाडवडिलांपासून सांगत.

त्याच गावात संयोगिता नावाची मुलगी अकरावीत शिकत होती. भौतिकशास्त्र तिला जड जाई. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण मार्क चांगले पडत. रोज संध्याकाळी ती भूपालअण्णांकडे गणितं घेऊन जायची. अण्णा तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होते. ते मन लावून समजावायचे आणि शेवटी विचारायचे, कळलं का? त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत संयोगिता मान डोलवायची. कळलं नाही म्हणायची तिला फार लाज वाटे. सूत्र पाठ होतं, उत्तर जुळत होतं, मग झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा अण्णांनी पाण्यात टांगलेल्या दगडाचं गणित दिलं. दगड नऊ किलोचा, त्याने तीन लिटर पाणी बाजूला सारलं, तर काटा किती दाखवेल? संयोगिताने नवातून तीन वजा केले आणि सहा लिहिले. उत्तर बरोबर आलं. पण ते तीन किलो गेले कुठे, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला, "कळलं" म्हणाली आणि वही मिटली.

जत्रा चार दिवसांवर आली. दोन हौशी गडी सराव करत होते. त्यांच्या हातून गोटी निसटली, उतारावरून गडगडत गेली आणि थेट देवळामागच्या विहिरीत पडली. सगळं गाव विहिरीवर लोटलं. बिरू धनगर पट्टीचा पोहणारा. त्याने बुडी मारून गोटीला दोर बांधला, आणि ती कडेला आपटू नये म्हणून तो पाण्यातच थांबला. दोर कप्पीवरून घेतला होता. त्याला कांद्याच्या व्यापाऱ्याचा टांगता काटा लावला होता. गड्यांनी गोटी तळापासून हातभर उचलली. काट्यावर साठ किलो दिसले.

एकच हशा पिकला. वाडवडिलांची थाप आज उघडी पडली, असं लोक म्हणू लागले. दोर पंचाहत्तर किलो पेलणारा होता, म्हणजे चिंताच मिटली. तरी सरपंच जपून वागणारे. त्यांनी संयोगिताला पुढे बोलावलं.

"पोरी, तू हे शिकतीस. साठाला ह्यो दोर पुरंल न्हवं?"

पुरेल, हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. साठाहून पंचाहत्तर मोठे, हे शेंबडं पोरही सांगेल. तिची आई गर्दीतून कौतुकाने बघत होती. पण परवा गिळलेला प्रश्न नेमका आता घशाशी आला. तेव्हाचे तीन किलो कुठे गेले होते, ते तिला ठाऊक नव्हतं. गोटीचेही तीस तसेच कुठे गेले असतील, तर ते परत येतात का, हेही ठाऊक नव्हतं. खाली पाण्यात बिरूचं डोकं दिसत होतं. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीपुढे लाज लहान झाली.

"मला कळलेलं न्हाई," ती म्हणाली. "अण्णांना इचारून येते. तवर बिरूमामांना वर घ्या."

लोक हसले. मग एवढे मार्क कशाचे पडतात, असं कुणीतरी विचारलंच. आईने मान खाली घातली. सरपंचांनी मात्र बिरूला वर बोलावलं, आणि संयोगिता अण्णांच्या घराकडे पळाली.

गड्यांना धीर निघेना. त्यांनी दोर ओढायला घेतला. पाण्यात होती तोवर गोटी सुरळीत वर आली. पाण्याबाहेर डोकावली तसा काटा चढू लागला. अर्धी बाहेर आली आणि काटा पंचाहत्तरच्या पुढे सरकला. दोर तुटला. बिरू मघाशी जिथे पोहत होता, नेमकी तिथेच गोटी कोसळली. बिरू पायरीवर बसून अंग पुसत होता. त्याचा पंचा हातातच राहिला.

अण्णा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"परवा तर कळलं म्हणालीस."

"खोटं बोलले, अण्णा. ते तीन किलो कुठं गेले, तेच कळलं नव्हतं."

"कुठं जात्यात? पाणी खालनं उचलून धरत असतंय. दगड पाण्याभाईर आला की सगळा भार दोरावर."

मग अण्णा जमलेल्या लोकांकडे वळले. चूक आपलीही आहे, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. कळलं का, हे ते रोज विचारत होते. काय कळलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाड दोर आणला. विहिरीत कुणालाही उतरू दिलं नाही. गोटी पाण्याबाहेर आली तेव्हा काट्यावर बरोबर नव्वद किलो होते. वाडवडील खरे निघाले, आणि हसणारे मुकाट्याने घरी गेले.

जत्रेत गोटीपुढे पहिला नारळ फोडायचा मान दरवर्षी सरपंचांचा. त्या वर्षी बिरूने तो नारळ संयोगिताच्या हातात दिला. सरपंचांनी हरकत घेतली नाही.

तात्पर्य: कळलं नाही म्हणण्याची लाज घटकाभर टिकते, न कळता डोलावलेल्या मानेची किंमत मात्र कधी दुसऱ्याला जिवाने मोजावी लागते.