उद्या दुप्पट!

"खटावकरांच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून काही न घेता परत येऊन दाखव!" फैजानने पैज लावली आणि तेजाने येड्यासारखी घेतली.

झालं! अर्धा तास खटावकर त्याचं डोकं खात होते. "बाहेरून येणाऱ्या मालावर टॅरिफ लागणार रे! उद्या सगळीच ग्राफिक्स कार्डं दुप्पट महाग. नवं आजच घे!"

तेजा पार वैतागला. सुट्टीभर गणपती रंगवून कमावलेले पैसे खिशात, घरचं भारीतलं कार्ड मस्त चालतंय आणि हा माणूस सोडेना.

"काका, मग माझं कार्ड तुम्हीच आजच्या भावाने घ्या. उद्या दुपटीने विका!"

"हॅ! जुनं कोण घेतंय? पुढच्या महिन्यात हे नवंसुद्धा कुणी..." खटावकरांनी जीभ चावली.

"कुणी काय, काका?"

"विचारणार नाही, बाबा! नवं मॉडेल येतंय. माल अडकलाय माझा!"