बन्सी मिस्त्रीच्या काळ्या वायरी

तीन रस्ते जिथे मिळतात अशा एका गावात बन्सी नावाचा मिस्त्री राहत होता. तो गाड्यांच्या वायरिंगचे काम करी. हाताने तरबेज, बोलायला गोड, आणि स्वतःच्या हुशारीवर मनापासून खूश. तसा माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला एक खोड होती आणि ती त्याने कुणालाच कळू दिली नव्हती.

गाडीत प्रत्येक कामाची वायर वेगळ्या रंगाची असते. दिव्यांची एक, हॉर्नची दुसरी, इंजिन सुरू करायची तिसरी. उद्या कुणीही बॉनेट उघडले तरी त्याला समजावे, एवढ्यासाठीच ते रंग असतात. बन्सीला नेमके हेच नको होते. गाडी त्याच्याकडे आली की तो रंगीत वायरी काढून टाकी आणि सगळीकडे काळी वायर घाली. काळी वायर जास्त टिकते, असे तो गिऱ्हाइकाला सांगे. त्यावर कडी म्हणजे, दर गाडीत तो चार-पाच वायरी अशा घाली, ज्या कुठेच जात नसत. त्या जुडग्यात शिरत, बाकीच्यांबरोबर गाडीभर हिंडत आणि टेपखाली गुपचूप संपत. मनातल्या मनात तो त्यांना पाहुण्या म्हणे.

व्हायचे तेच झाले. बन्सीने एकदा हात लावलेल्या गाडीला दुसरा मिस्त्री हात लावीना. गिऱ्हाईक फिरून त्याच्याच दारात येई. दुकानापुढे गाड्यांची रांग लागे, आणि ती रांग म्हणजे आपल्या कसबाचे कौतुक, असे बन्सी समजे.

रस्त्याच्या पलीकडे याकूब नावाच्या मिस्त्रीचे दुकान होते. तो वायरींचे रंग जसेच्या तसे ठेवी. शिवाय प्रत्येक वायरीला कापडाची चिठ्ठी बांधून तिच्यावर कामाचे नाव लिही, आणि सगळ्या वायरिंगचा नकाशा काढून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवी. बन्सीला हसू येई. हा माणूस आपल्याच पोटावर पाय देतोय, असे तो चहा पिता पिता चारचौघांत सांगे.

गावात सगुणाबाईंची पिकअप होती आणि त्या ती स्वतःच चालवत. तिची वायरिंग सहा वर्षांपूर्वी बन्सीने केली होती. एकदा दूरच्या गावी गाडी बंद पडली. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि पुन्हा लावून टाकले. ज्याने हे केले त्यालाच बोलवा, एवढेच तो म्हणाला. सगुणाबाई दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. गाडी ओढून परत आणल्यावर त्यांनी ही हकीकत बन्सीला सांगितली, तर त्याला उलट अभिमानच वाटला.

त्या गावात दहा-बारा घरांत रेशमाच्या अळ्या पाळत. अळ्यांना तीन-चार आठवडे तुतीचा पाला घालायचा, मग त्या स्वतःभोवती कोष विणतात. हे कोष थोड्याच दिवसांत बाजारात पोचावे लागतात. उशीर झाला की आतला पतंग कोषाला भोक पाडून बाहेर येतो, आणि भोक पडलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही. केलेले सगळे पाण्यात जाते.

त्या वर्षी बन्सीच्या बायकोने, गोदाने, पहिल्यांदाच अळ्या पाळल्या होत्या. गोदाच्या हाताला यश नाही, असे सासरी सगळे म्हणत. तिने पाळलेल्या कोंबड्या रोगाने गेल्या होत्या आणि मिरचीची रोपे जळून गेली होती. बन्सीही येता-जाता चेष्टा करी. गोदा तुतीचे पान न् पान फडक्याने पुसून घेई, दिवसातून चार वेळा पाला घाली, मुंग्यांना जवळ फिरकू देत नसे. कोष झाले ते पांढरेशुभ्र आणि टणक. सगळ्या घरांच्या आधी तिचेच तयार झाले. ते धडपणे बाजारात पोचावेत, एवढीच तिची इच्छा होती.

सगळ्यांचे कोष एकदमच पिकअपमधून न्यायचे त्या सकाळी सगुणाबाईंच्या अंगणात माणसे जमली. पहाटे कुणीतरी पिकअप चोरायला आले होते. स्टेअरिंगखालचे झाकण फोडून त्याने किल्लीशिवाय गाडी सुरू करायचा प्रयत्न केला होता. पण आत सगळ्याच वायरी काळ्या. बिचाऱ्याने अंदाजाने दोन जोडल्या, तर हॉर्न वाजू लागला आणि थांबेचना. तो बंद करायला त्याने सुरीने अख्खा जुडगा कापला आणि धूम ठोकली.

बन्सीला बोलावणे गेले. त्याने कापलेला जुडगा पाहिला आणि त्याची छाती फुगली.

"बघितलंत? माझ्या वायरिंगनं चोरालासुद्धा चकवलं," तो म्हणाला.

लोकांनाही ते पटले. सरपंचांनी त्याची पाठ थोपटली. दुपारच्या आत गाडी सुरू करून देतो, असे सगुणाबाईंना सांगून बन्सी डॅशबोर्डखाली शिरला.

तिथे अठ्ठावीस काळी टोके या बाजूला लोंबत होती आणि अठ्ठावीस त्या बाजूला.

चोराने जे पाहिले होते, तेच आता बन्सी पाहत होता. सहा वर्षांपूर्वी कोणती वायर कुठून नेली, हे त्याला काही केल्या आठवेना. जुडगा शाबूत होता तोवर हाताच्या सवयीने काम भागत होते. आता सवयीला धरायला काही उरले नव्हते. तपासायचा दिवा घेऊन तो एकेक टोक चाचपू लागला. दुपारी ब्रेक दाबला तर वायपर फिरला. संध्याकाळी त्याला कळले, की आपण मोठ्या निगुतीने जोडलेल्या तीन वायरी पाहुण्या आहेत.

दुपारीच याकूब सगुणाबाईंच्या अंगणात आला होता. एकाने पुढच्या टोकाला बसायचे आणि एकाने मागच्या, म्हणजे काम लवकर उरकते, मी बसू का, असे त्याने विचारले होते. बन्सीने त्याला परत पाठवले. आपल्या कामात दुसऱ्याचा हात चालत नाही, असे कारण सांगितले. खरे कारण असे, की याकूब बसला असता तर त्याला पाहुण्या दिसल्या असत्या.

सगुणाबाईंना त्याने सांगितले, की चोराने काहीतरी जाळून ठेवलंय, जिल्ह्याहून भाग मागवलाय, उद्या येईल. असा कुठलाही भाग मागवलेला नव्हता. दुसरी गाडी मिळते का ते त्या पाहून आल्या. पण लग्नसराई होती आणि आसपासच्या साऱ्या गाड्या वऱ्हाडांनी आधीच ठरवलेल्या होत्या.

बन्सी घरी आला तेव्हा गोदाने कोषांना उष्मा होऊ नये म्हणून ते घरभर चादरींवर पसरले होते. पाय ठेवायला जागा नव्हती. आतला पतंग कितपत तयार झाला ते अजमावायला तिने एक कोष कानाशी नेऊन हलवला आणि खाली ठेवला.

"तुम्हाला जमतंय की नाही, तेवढं खरं सांगा," ती म्हणाली. "जमत नसेल तर मी डोक्यावर घेऊन चालायला लागते."

बन्सीने तिलाही भागाचीच गोष्ट सांगितली. गोदाने त्यावर विश्वास ठेवला, आणि हे त्याला फार लागले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डॅशबोर्डखाली शिरला. सगुणाबाई ओट्यावर बसून वाट बघत होत्या. उन्हे वर आली तशी गोदा तिथे आली. तिच्या हातात एकच कोष होता. त्याला वरच्या बाजूने भोक पडले होते आणि त्यावर ओल्या पंखांचा एक पतंग बसला होता. गोदाने तो कोष बन्सीच्या हत्यारांच्या पेटीवर, पकडीशेजारी, अलगद ठेवला आणि ती मागे फिरली.

बन्सी त्या पतंगाकडे बघत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. तो उठला, याकूबच्या दुकानात गेला आणि त्याला गाडीपाशी घेऊन आला. मग सगुणाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "याकूबभाई, सगळ्या काळ्या आहेत. आणि त्यातल्या पाच कुठंच जात नाहीत. त्या मीच घातल्यात, दुसऱ्या कुणाला हे समजू नये म्हणून. आता मलाही समजत नाहीयेत. भाग वगैरे काही मागवलेला नाही."

याकूब हसला नाही. त्याने वाकून आत पाहिले.

"मग शोधत कशाला बसायचं, बन्सीभाऊ?" तो म्हणाला. "सगळं उपटून नवं घालू. रंगीत वायर आहे माझ्याकडे."

सगुणाबाई ओट्यावरून उठल्या. "सहा वर्षं मी समजत होते माझी गाडीच नाठाळ आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि जुनी वायरिंग ओढून काढायला स्वतःच सुरुवात केली.

याकूब इंजिनाशी बसला, बन्सी डॅशबोर्डखाली. याकूब रंग ओरडून सांगे आणि बन्सी जोडत जाई. दीड दिवस न झालेले काम दुपार कलायच्या आत झाले. ऊन उतरताच कोष भरून पिकअप बाजाराला निघाली.

बाकीच्या घरांचे कोष मागून तयार झाले होते, त्यामुळे ते सुखरूप पोचले. गोदाचे सगळ्यांच्या आधीचे. तिच्या चार पिशव्यांपैकी एकच धड निघाली. उरलेल्या तीन पिशव्यांतल्या कोषांना पतंगांनी भोके पाडून ठेवली होती.

बन्सी तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.

"माझ्या हाताला यश होतं," ती म्हणाली. "तेवढं आता सगळ्यांना तुम्ही सांगा."

हे काम सगळ्यांत अवघड होते. बन्सी पारावर गेला. ज्या माणसांनी परवा त्याची पाठ थोपटली होती, त्यांच्यासमोर त्याने काळ्या वायरींची आणि पाहुण्यांची सगळी गोष्ट सांगितली, आणि गोदाचे कोष कुणामुळे गेले तेही सांगितले. काही जण रागावले, काही हसले. घरी आल्यावर त्याने तेच आपल्या आईलाही सांगितले. पुढचे कित्येक दिवस एकेक गाडी बोलावून तो काळ्या वायरी काढत होता आणि रंगीत घालत होता.

फुटक्या कोषांचा लांब धागा निघत नाही. गोदाने ते उकळले, कापसासारखे पिंजले आणि त्यांचा जाड दोरा वळला. वायरींना नावांच्या चिठ्ठ्या बांधायला बन्सीने दोरा मागितला, तेव्हा तिने तोच त्याच्या हातात दिला. सगुणाबाईंच्या पिकअपमधली प्रत्येक चिठ्ठी त्याने त्या दोऱ्याने बांधली.

पुढच्या खेपेला गोदाचे कोष पुन्हा सगळ्यांच्या आधी तयार झाले. ते घेऊन सगुणाबाई निघाल्या आणि अर्ध्या वाटेत, एका अनोळखी गावी, पिकअप बंद पडली. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, चिठ्ठ्या वाचल्या, एक सैल झालेली वायर घट्ट केली आणि गाडी सुरू करून दिली. चहा निवायच्या आत सगुणाबाई पुढच्या रस्त्याला लागल्या होत्या. गोदाच्या चारही पिशव्या धडधाकट पोचल्या.

परत आल्यावर त्यांनी हे बन्सीला सांगितले. कुणी केलं म्हणून विचारलं का त्यानं, बन्सीने जरा आशेनेच चौकशी केली.

"नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "विचारायची गरजच पडली नाही."

बन्सी गोदाला सांगायला घाईघाईने घराकडे निघाला.

तात्पर्य: दुसऱ्याला समजू नये असे केलेले काम एक दिवस आपल्यालाही समजेनासे होते; आपण जवळ नसतानाही ज्यामुळे कुणाचे अडत नाही, तेच काम खरे.