तीन खुर्च्यांचा गाळा

"आप्पांना मानाची खुर्ची, मामांना मानाची खुर्ची, व्याह्यांना मानाची खुर्ची! तिघांचा फेटा बांधून सत्कार! माल सगळा मांडलेला दिसला पाहिजे! आणि खर्च गेल्या वर्षीपेक्षा दमडीनं जास्त नाही!" नरहरशेठ झाडबुके गरजले. "जमलं तर नोकरी कायम. नाही जमलं तर जा तुझ्या काकाच्या गिरणीत पीठ दळायला!"

कावेरी ढेकळेनं सगळं वहीत उतरवून घेतलं. बार्शीच्या या फेट्यांच्या दुकानात ती अजून कच्चीच होती. पुण्याच्या लग्नसराई प्रदर्शनाचं काम तिनंच अंगावर ओढून घेतलं होतं. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! तोंडाला कुलूप नसलं की असंच होतं. याच तोंडानं तिनं प्राचार्यांना "तुमच्या नोट्स तुमच्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत" असं सुनावून डिप्लोमा अर्ध्यात सोडला होता. सोडताना वाटलं होतं, मागून कुणीतरी हाक मारील. कुणी मारली नाही. शिपायानं तेवढं फाटक उघडून दिलं.

तिचा पहिला बेत तर बघण्यासारखा होता. फिरतं व्यासपीठ, धुराचं यंत्र, भिंतभर पडदा. सगळं मोबाइलवर बघून उतरवलेलं! खर्चाची बेरीज वाचून शेठ म्हणाले होते, "पोरी, एवढ्यात तर हे दुकानच कुणीतरी विकत घेईल!" धुरात फेटे दिसणार कसे, हे तिला दुसऱ्या दिवशी सुचलं. अक्कल तिच्याकडे यायची, पण नेहमी मुक्कामी गाडीनं.

गाळा होता बैलगाडीएवढा. तीन उंच खुर्च्या ठेवल्या की मांडण्यांना जागा नाही. पुतळे भाड्यानं आणले की खुर्च्यांना पैसे नाहीत. गेल्या वर्षी खुर्च्याच जिंकल्या होत्या! शेठचे थोरले भाऊ आप्पा, मामा आणि व्याही असे तिघं दिवसभर गाळा अडवून बसले आणि माल गठ्ठ्यांतच परत आला.

"मामा, यंदा खुर्च्या जरा मागे ठेवल्या तर?" तिनं भीत भीत विचारून पाहिलं.

"मागे?" मामा उसळले. "मागे बसायला मी काय वाजंत्रीवाला आहे?"

"आणि सत्कार एकदम उरकला तर, आप्पा?"

"उरकायला ते काय जेवण आहे? पहिला मान थोरल्या भावाचा! मग मामा. व्याही शेवटी."

"शेवटी?" व्याही दौलतराव रुसून भिंतीकडे तोंड करून बसले.

तिघांचं आयुष्यातलं काम एकच, रुसणं. कावेरी मनात चडफडली. पण दौलतरावांचं ते फुगलेलं तोंड बघता बघता ती एकदम हसायलाच लागली. लग्नात खुर्चीवर फेटा घालून रुसून कोण बसतं? हेच!

प्रदर्शनाच्या दिवशी तिनं तिन्ही खुर्च्या थेट रस्त्याकडे तोंड करून मांडल्या. मांडणी नाही, पुतळा नाही. आप्पांना पैठणी काठाचा फेटा, मामांना कोल्हापुरी, दौलतरावांना जरीचा. खांद्यावर उपरणी. आणि प्रत्येकाच्या पाठीवर रुळणाऱ्या शेमल्याला हळूच फेट्याच्या किमतीची चिठ्ठी टाचली, गाळ्यात शिरणाऱ्याला दिसेल पण त्यांना नाही अशी!

लोक थबकायला लागले. एक बाई तर ओरडलीच, "अगं बाई, हुबेहूब आमचे सासरे! हाच फेटा द्या, मानाच्या सगळ्या मंडळींना हाच!"

तासाभरानं कावेरी पुन्हा नवे फेटे घेऊन हजर.

"परत सत्कार?" आप्पांचा चेहरा फुलला.

"तुमचा मानच तेवढा आहे, आप्पा!"

दुपारी नरहरशेठ आले. गर्दी ढकलत आत शिरले आणि भडकले. "मांडणी कुठाय? पुतळे कुठायत? सगळा माल दिसला पाहिजे म्हणालो होतो ना!"

"दिसतोय की, शेठ. सकाळपासून एकेक करून सगळे नमुने दाखवून झाले."

"पण पुतळे?"

"ते काय बसलेत! भाडं नाही, वाहतूक नाही. आपल्या गाडीनं आले, आपला डबा घेऊन आले. आणि सकाळपासून जागचे हललेसुद्धा नाहीत!"

गर्दी हसली. शेठ हसले नाहीत. कारण आप्पा ताडकन उठले होते! "पुतळे? कोण पुतळे?" उठताना पाठीला काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी मागे हात घालून चिठ्ठी ओढली. "नरहर! हिनं मला किंमत लावली!"

कावेरीला काकाची गिरणी दिसायला लागली. गेली नोकरी! तेवढ्यात आप्पांनी डोळे बारीक करून चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणून विचारलं, "व्याह्यांना किती लावलीस?"

"तुमच्या निम्मी, आप्पा!"

आप्पांनी चिठ्ठी तिच्या हातात ठेवली आणि पाठ करून ऐटीत बसले. "लाव परत. नीट दिसेल अशी लाव."

आता मात्र नरहरशेठ असे हसले, असे हसले की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत म्हणाले, "पोरी, आजपासून तू कायम! आणि दरवर्षीच्या प्रदर्शनाचा सगळा खर्च तुझ्या हाती! पुढच्या वर्षी दुप्पट मोठा गाळा घेऊ, बोल!"

"घ्या की, शेठ," कावेरी म्हणाली. "पण मग आधी तुमच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरवा. आणखी व्याही लागतील!"