बेळगावला उभं असलेलं डकोटा

"चाचा, माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा की."

डॉक्टर केदार शिरगुप्पे कोल्हापूरहून बाणकोटपर्यंत सहा तास गाडी हाकत आले होते, ते एवढं एकच विचारायला. हातातला चहा त्यांनी अजून तोंडाला लावला नव्हता.

समोर वेताच्या खुर्चीत हुसेन मुकादम बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं त्यांनी मुंबईत विमानांची इंजिनं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन खाडीकडच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. टिटवी एअरवेज त्यांनीच काढली.

टिटवी एअरवेजचं एकही विमान खरं नाही. सत्तर वर्षांपूर्वीची पंख्यांची विमानं पडद्यावर उडवायची, पण ठरल्या वेळी आणि त्या दिवशीच्या खऱ्या हवेत. नागपूरपासून दुबईपर्यंतची साठेक माणसं हा उद्योग करतात. पगार नाही, प्रवासी नाहीत, रुसवेफुगवे मात्र खऱ्या कंपनीला लाजवतील असे. आणि सगळ्यांचा जीव अडकलेला असतो चौथ्या पट्टीत. नावापुढे तिनाच्या चार पट्ट्या झाल्या की माणूस कॅप्टन.

डॉक्टरांचा अर्ज चाचांनी तीनदा परत पाठवला होता. कारण एकदाही दिलं नव्हतं.

"अकराशे तास झाले माझे. माझ्याइतकं अलगद कुणी उतरवत नाही. तक्ता काढून बघा, पहिलं नाव माझंच आहे."

"पाहतो ना. सुंदर उतरता तुम्ही."

"मग?"



डॉक्टरांना दातांच्या धंद्यात नाव होतं, मान होता. पण लहानपणी वैमानिक व्हायचं मनात होतं आणि नवव्या वर्षी चष्मा लागला, तिथेच ते संपलं होतं. ही पडद्यावरची पट्टी त्यांना इतकी मनापासून हवी होती, की बायकोसमोर तिचा विषय काढायला त्यांना लाज वाटे.

चाचा उठले. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि त्याच्यासमोरची खुर्ची मागे ओढली.

"बसा. बेळगावहून गोव्याला जाऊन या."

"कुठलं विमान?"

"उभं आहे एक डकोटा."

टिटवीत एक नियम होता. विमान ज्याने जिथे आणि जसं सोडलं, ते पुढच्याला तिथे आणि तसंच मिळायचं. पडद्यावरच्या बाकी कंपन्यांत दर वेळी कोरं करकरीत विमान मिळतं. चाचांना ते पटत नसे.

डॉक्टरांनी बोटं मोडली. परीक्षाच घ्यायची असेल तर होऊन जाऊ दे, असा त्यांचा चेहरा झाला.

पण पडद्यावर काळोख. एकही काटा हलेना. कुणीतरी बॅटरी चालूच ठेवून गेलं होतं आणि ती पार उतरली होती. त्यांनी विमानतळावरून विजेची गाडी मागवली. काटे जागे झाले, तर टाकीत दहा मिनिटांचंही इंधन नाही. डाव्या इंजिनातलं तेल तळाला. ब्रेक ओढलेला नाही. बाहेरून पाहिलं, तर विमानाचं नाक गोदामाच्या भिंतीला भिडायचंच बाकी होतं. डकोटाला आपणहून मागे जाता येत नाही.

"कुणी ठेवलंय ओ हे असं?" डॉक्टरांचा पारा चढला. "उतरला आणि टाकून पळाला. असल्या माणसाला तुम्ही विमान देता, आणि अर्ज माझा परत पाठवता?"

चाचांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"नाव असेल त्यात."

विमानाच्या माहितीचं पान डॉक्टरांनी तावातावाने उघडलं. आधीचा वैमानिक: के. शिरगुप्पे. रविवार, दुपारी चार.

...

आता यात खोटं काहीच नव्हतं. दिवसाला तीन-तीन फेऱ्या मारणाऱ्या डॉक्टरांना चाक टेकलं की पडद्यावर गुण दिसत. गुण पाहिले की ते मिळेल तिथे विमान उभं करून खुर्चीतून उठत. त्यानंतर त्या विमानाचं काय होतं, हा प्रश्न त्यांना दोन वर्षांत पडला नव्हता.

"रविवारी तुमचा फोन आला, येतो म्हणून," चाचा म्हणाले. "तेव्हापासून याला कुणाला हात लावू दिला नाही."

"पण चाचा... मी बसायचो तेव्हा विमान कायम तयार असायचं. टाकी भरलेली, तोंड बाहेरच्या बाजूला. एकदासुद्धा असं मिळालं नाही मला. म्हणून कधी लक्षातच आलं नाही."

"नसेल."

"मग ते कोण..."

खाडीतून वेश्वीकडे फेरीबोट चालली होती. चाचा तिच्याकडे बघत राहिले.

"सकाळी मला काही काम नसतं, डॉक्टर."

डॉक्टरांच्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. ज्या माणसाशी भांडायला आपण आलो, तो दोन वर्षं आपल्यामागून आवरत होता. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

त्यांनी ट्रॅक्टर मागवला. डकोटा भिंतीपासून हळूहळू मागे ओढून घेतलं, वळवलं, तोंड मोकळ्या बाजूला केलं. टाक्या भरल्या. दोन्ही इंजिनांत तेल घातलं. मग ब्रेक ओढला, चाकांना लाकडी ठोकळे लावले. बॅटरी बंद केली, आणि बंद झाली की नाही ते पुन्हा एकदा पाहिलं.

मध्येच चाचींनी सांदणांची बशी आणून ठेवली. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता दोन खाल्ली.

तासभर गेला असेल. या सगळ्याला पडद्यावर एकही गुण पडला नाही. तक्त्यात डॉक्टरांचं नाव होतं तिथेच राहिलं. तरी बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं त्यांना वाटत होतं. गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि तोही त्यांना चांगला लागला.

"झालं, चाचा. जाऊन येऊ आता गोव्याला?"

"नको. पाच वाजता ते नागपूरच्या सुलभाताई ढोबळ्यांना दिलंय."

एवढं आवरलेलं विमान दुसऱ्याच्या हाती जाणार, हे ऐकून डॉक्टरांना क्षणभर चुटपुट लागली. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. खिडकीच्या काठचा फडका घेऊन त्यांनी चाचांच्या पडद्यावरची धूळही पुसून काढली.

"आणि माझी पट्टी?" त्यांनी विचारलं. आता आवाजात भांडण नव्हतं. "ती कधी, चाचा?"

चाचांनी बशी खाली ठेवली.

"सुलभाताई उतरल्या, की त्यांना विचारा, विमान मिळालं तेव्हा कसं होतं. आठवत नाही म्हणाल्या, तर तुम्ही कॅप्टन."