तिसऱ्या दारातली हाक

“पण बाबा, जे नुसतं पडून असतं ते वापरलं, तर त्यात कुणाचं काय गेलं?”

लहानूबाबा झोळीचा उसवलेला कोपरा शिवत होते. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

“पुन्हा सांग. मला नीट कळलं नाही.”

यशोधन रणपिसे पुण्याहून या मठीत तिसऱ्यांदा आला होता. त्याच्या वडिलांना बाबांचा अनुग्रह होता. त्यालाही बाबांकडून कानात मंत्र हवा होता. दोन खेपांना बाबांनी त्याला जेवू घालून वाटेला लावलं होतं. या खेपेला मंत्र घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच तो बसला होता. पण सकाळी बाबांनी सहज विचारलं, “तू करतोस काय रे?” आणि गाडी तिथेच अडली.

“माझ्या कंपनीचं एक अ‍ॅप आहे,” तो म्हणाला. “फोनमधला कचरा साफ करतं. लोकांना फुकट. ते फोनमध्ये असलं, की त्या माणसाचं इंटरनेट आम्ही थोडंथोडं वापरतो, दुसऱ्या कंपन्यांना पुरवतो. तेही फोन नुसता पडलेला असतो तेव्हाच. तीन लाख फोन आहेत, बाबा. एकाची तक्रार नाही.”

“त्यांना ठाऊक आहे?”

“अटींमध्ये लिहिलंय.”

“कुठे?”

“... एकोणिसाव्या पानावर.”

“वाचतं कुणी?”

यशोधनला हसू आलं. “अटी कोण वाचतं, बाबा!”

“मग लिहिलंस कुणासाठी?”

यशोधनने मांडी बदलली. “बाबा, लबाडी माझ्या रक्तात नाही. शून्यातून वर आलोय. उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, कुणाकडे काही मागितलं नाही.”

“दिसतंय,” बाबा म्हणाले. त्यांनी झोळी खांद्याला अडकवली. “चल. माधुकरीची वेळ झाली.”

टेकडी उतरून दोघं गावात आले. बाबांचा नेम साधा होता. पाच दारं, प्रत्येक दारात एक हाक, मिळेल ते घ्यायचं. बाबांचा आवाज असा, की पहिल्या दारातली हाक पाचव्या दारात ऐकू जावी.

“माई, भाकर वाढता का?”

पहिल्या घरातली म्हातारी काठी टेकत बाहेर आली. “न्हाई ओ बाबा, आज चूलच पेटली न्हाई.”

बाबांनी वाकून हात जोडले आणि पुढे निघाले.

दुसऱ्या घरी अर्धी भाकरी आणि पिठलं मिळालं. बाबांनी तसेच वाकून हात जोडले. तेवढेच, तितकाच वेळ. ते यशोधनच्या लक्षात राहिलं.

तिसरं दार सताड उघडं होतं. ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. उंबऱ्याशी भाकरींची दुरडी होती, वरचं फडकं वाऱ्याने सरकलेलं. भाकरींना अजून वाफ होती.

बाबा दारात उभे राहिले. त्यांचे ओठ हलले.

“माई, भाकर वाढता का...”

शेजारी उभ्या यशोधनलाही ते जेमतेम ऐकू आलं.

बाबा क्षणभर थांबले. मग खाली वाकले आणि त्यांनी दुरडीत हात घातला.

यशोधनने त्यांचं मनगट धरलं. आपण काय केलं ते त्याला धरल्यावर कळलं. पण हात सुटेना.

“बाबा! घरात कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही!”

“मी हाक दिली.”

“अशी हाक असते होय?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बोटांकडे. यशोधनने हात काढून घेतला. त्याचे कान तापले होते.

बाबांनी खांद्यावरची झोळी उतरवून त्याच्या गळ्यात घातली.

“मग तू दे हाक.”

“मी?”

यशोधन दोन पावलं मागे सरला.

“बाबा, मला नाही जमायचं. मी कधी कुणाकडे...”

बाबांनी दाराकडे बोट केलं. समोरच्या ओट्यावर दोन बाया लसूण सोलत होत्या, त्या हात थांबवून बघू लागल्या. यशोधनने घसा खाकरला.

“माई...”

“अजून आत गेली नाही हाक.”

“माई, भाकर वाढता का?”

“परसात असेल ती.”

यशोधनने डोळे मिटले. “माई! भाकर वाढता का?”

कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. परसदारातून ओल्या हातांनी एक बाई आली. तिने बाबांना नमस्कार केला आणि झोळीवाल्याला पायांतल्या बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“अगं बया! ह्ये कोन नवं? बाबा, आता पँटीतलं बुवा पाठवाय लागला का?”

ओट्यावरच्या बाया खळाळून हसल्या.

“दुरडीत भाकरी दिसल्या, म्हणून...” यशोधन पुटपुटला.

“दिसल्या म्हंजे उरल्या व्हय, दादा? शेंगा उपटाय बाया आल्यात रानात. त्येंच्या वाट्याच्या हाएत त्या.” तिचा आवाज जरा खाली आला. “आज न्हाई देता यायच्या. उद्या या. म्या उद्या तुमच्या नावाची एक जास्त थापते.”

यशोधनने वाकून हात जोडले. बाबांनी जोडले होते, तसे.

तिने फडकं नीट केलं आणि दुरडी डोक्यावर घेऊन ती रानाच्या वाटेला लागली.

उरलेल्या दोन दारांतही हाक यशोधननेच दिली. एका दारात चटणी मिळाली, एका दारात काहीच नाही. दोघं टेकडी चढू लागले. अर्ध्या भाकरीची झोळी त्याच्या गळ्यात लोंबत होती. निम्म्या वाटेवर तो थांबला.

“बाबा... मग या खेपेलाही मंत्र नाहीच?”

“दिला की.”

“कधी?”

“आत्ता चांगला तीन दारांत म्हणालास.”

यशोधन खाली गावाकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं,

“किती वेळा म्हणायचा, बाबा?”

बाबा चढता चढता थांबले नाहीत.

“फोन किती आहेत म्हणालास?”