काचेचं झाकण

“...मग माफ करायला माणसाला आणखी किती वेळ लागतो, फादर?”

इवेटनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या स्लो कुकरचं झाकण उचललं.

वाफेचा लोट उठला. सिरका, लसूण, पप्पांचा मसाला. डुकराच्या खांद्याचा तो मोठा तुकडा रसात तसाच बसून होता, रुसल्यासारखा.

“काय करतेस?” फादर इनासनी विचारलं.

“शिजलंय का बघते.”

“मग?”

“नाही अजून.”

तिनं झाकण ठेवलं.

फादर इनास निवृत्त होऊन वसईतल्या चर्चमागच्या दोन खोल्यांत राहत. डोळ्यांनी अधू, बोलायला त्याहून काटकसरी. मोडलेली नाती घेऊन लोक त्यांच्याकडे येत आणि बहुतेक जण चिडून परत जात. आज त्यांच्याच खोलीत स्वयंपाक करत असलेली इवेटही चिडायच्या बेतात होती.

कारण आज सबिना येणार होती, तिची धाकटी बहीण. पप्पांना पुरलं त्या दिवसापासून दोघींत बोलणं नव्हतं. फादरनी स्वतः फोन केला, म्हणून ती नाशिकहून यायला कबूल झाली होती. एका जेवणापुरती.

“माझं चुकलं हे मी नाकारतच नाही,” इवेट म्हणाली. “कन्फेशन केलं. मानसशास्त्र शिकलेय मी, माफी कशी मागतात ते कळतं मला. दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आले की तिला मेसेज करते, ‘माफ केलंस का?’ नुसतं हो किंवा नाही म्हणायला तिचं काय जातं?”

कुकर टक् करून वाजला. इवेट केवढ्यानं दचकली. मग स्वतःच्याच दचकण्याचा तिला राग आला.

“काय चुकलं होतं?” फादरनी विचारलं.

“तुम्ही होता की तिथे.”

“होतो. तू सांग.”

...

“तिनं मूठभर माती घेतली होती. कबरीत टाकायला. मी तिचं मनगट धरलं.”

“हं.”

“म्हटलं, जिवंतपणी फिरकली नाहीस, आता माती टाकायला बरी आलीस. सगळ्या लोकांसमोर. तिच्या मुठीतली माती खाली, बुटांवर सांडली, तरी मी सोडलं नाही.”

हे बोलता बोलता तिचा हात पुन्हा झाकणाकडे गेला. झाकण उचललं. ठेवलं.

“मिंगेल हंडी करायचा,” फादर म्हणाले. मिंगेल म्हणजे इवेटचे पप्पा. “सणाच्या आदल्या दिवशी निखाऱ्यांवर ठेवायचा. वाफ आतच राहावी म्हणून झाकण कणकेनं लिंपून टाकायचा. मग काय करायचा, आठवतं?”

“झोपायचे!” इवेटला हसू आलं. “आम्ही दोघी मागे लागायचो, पप्पा, शिजलं का, शिजलं का? तर म्हणायचे, मला काय माहीत, मी काय आत बसलोय?”

फादरही हसले.

“पण हे काचेचं आहे ना, फादर. आतलं दिसतं.”

“दिसतं?”

“नाही... वाफ धरते काचेवर. म्हणून तर उचलावं लागतं.”

फादरनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

फाटक वाजलं. इवेटच्या हातातलं फडकं खाली पडलं.

सबिना आत आली. वाळली होती. फादरच्या पाया पडली, इवेटकडे बघून मान हलवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. खांद्यावरची पर्स तिनं काढली नाही.

“पप्पांच्या पद्धतीचं डुकराचं मटण केलंय,” इवेट घाईघाईनं म्हणाली. “पहाटेच लावलंय. याला सुरी लागतच नाही, बघ. नुसतं काट्यांनी ओढायचं, धागे आपोआप सुटतात.”

तिनं दोन काटे मांसात खुपसले आणि ओढले.

धागे सुटले नाहीत. सगळा तुकडाच काट्यांबरोबर वर आला, निसटला आणि धपकन खाली पडला. रस सबिनाच्या बाहीवर उडाला.

“थांब हं... अजून थोडंसंच...”

“राहू दे,” सबिना म्हणाली. बाही पुसायला तिनं रुमालसुद्धा काढला नाही.

गप्प बसावं असं इवेटला वाटलं, खरंच वाटलं.

“सबिना, तू आलीस म्हणजे... माफ केलंस ना मला?”

फादरनी डोळे मिटले.

“रविवारी फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवते,” सबिना हळू बोलत होती. “माफ केलंस का. माफ केलंस का. शाळेत गृहपाठ तपासतात तसं. इतक्यांदा विचारलंस, इवेट. पप्पा आजारी असताना मी का आले नाही, हे एकदा तरी विचारलंस?”

इवेटनं आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं. तिला कारण ठाऊक असल्यासारखंच ती इतकी वर्षं वागत आली होती.

“का... का नव्हती आलीस? सांग ना. आत्ता सांग!”

सबिना उठली. इवेट पुढे झाली. “सांगून जा, सबिना!”

सबिना नुसती खाली बघत राहिली. इवेटनंही तिथे बघितलं.

तिनं सबिनाचं मनगट धरलं होतं.

“सोड,” सबिना म्हणाली.

फाटक पुन्हा वाजलं.

...

फादर उठले. डब्यातली कणीक चाचपडत परातीत घेतली, पाणी घालून मळली. तिची लांब वळकटी केली आणि काचेच्या झाकणाभोवती बोटांनी दाबत दाबत लिंपली. कुठे फट उरली का, ते अंगठ्यानं तपासलं.

“आता कशाला, फादर? जेवणार कोण?”

ते जाऊन खिडकीशी बसले.

“ती येईल का परत?”

...

कणीक सुकू लागली. काचेवर वाफ इतकी दाटली होती की आत काही आहे की नाही, हेही कळत नव्हतं.

“निदान एवढं तरी सांगा,” इवेट रडत म्हणाली. “आत काय चाललंय, ते मला कळणार कसं?”

तिचं नख कणकेची कड उकरत होतं. तिला ते ठाऊकही नव्हतं.

फादरनी मागे वळून पाहिलं नाही.

“हात काढ, बाय.”